आईच्या कोंबड्या आणि तू पाठवलेला वॉकर

ती. ताईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (ते तिथून उचलायची इच्छा नाही, इतका मी मेटाकुटीला आलोय.) तुझं पित्त, भावोजींचा गुडघा, मुलांचे सर्दीखोकले सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण नसेल तर ते ऐकून घ्यायची ताकद सध्या माझ्यात नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन आईच्या उशाशी असतो आणि तिचे पाय थकले असले तरी कान ठणठणीत आहेत.

तू पाठवलेला वॉकर पोचला. वस्तू उत्तम. चकचकीत दांड्या, पुढे दोन चाकं, लाल टोपली, शिवाय घंटी. (घंटी कशाला गं? आई कोणाला ओव्हरटेक करणार होती?) खुब्याच्या ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा हसली, वॉकर धरून उठली आणि थेट परसात निघाली, कोंबड्यांना भेटायला. दवाखान्यात होती तेव्हाही रोज आमची नाही, त्यांचीच चौकशी. दारात उभं राहून तिने नेहमीसारखी "या गं बायांनो" म्हणून हाक मारली. बाया धावत आल्या. वॉकर पाहिला. मग जी धूम ठोकली म्हणतेस! एक पाण्याच्या टाकीवर, दोघी लिंबावर, एक शेजारच्या टेलरच्या खिडकीतून थेट शिलाई मशीनवर. मास्तरीण (ती करडी, बाकीच्यांना टोचून शिस्त लावणारी) माझ्या स्कूटरखाली शिरली, ती संध्याकाळी ओढून काढावी लागली. आई आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. म्हणाली, "हाताने भरवून वाढवल्या, त्या मला बघून पळतात. ने ते माझ्यासमोरून."

तेव्हापासून ती उठलेली नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाई सांगून थकल्या की आता चालला नाहीत तर कायमचं अंथरूण धराल. (बाई केशरी बूट घालून आल्या त्या दिवशीही परसात असाच हलकल्लोळ. आता त्या फाटकाबाहेर बूट काढून अनवाणी येतात आणि खडा टोचला की माझ्याकडे बघतात.)

या जातीला नवं काही खपत नाही हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. हिने केस कापून घेतले तर घरात अंडं दिसेना. हिरवी बादली आणली तर तहानलेल्या बसल्या, पण चोच लावली नाही. शेवटी फुटकी निळी बादली डांबर लावून परत मांडली. माझाच शर्ट दोरीवर उलटा वाळत घातला तर खुराड्याबाहेर यायला तयार नाहीत. पण त्या बादलीवर नि शर्टावर आईचे पाय अवलंबून नव्हते गं.

मी काय काय केलं ते ऐक. वॉकरला राख फासली. मग त्याला आईचा जुना स्वेटर घातला, तर त्यांची खात्रीच पटली असावी की याने म्हातारीला खाल्लं. मग तोच स्वेटर मी घातला आणि वॉकर धरून "या गं बायांनो" करत परसात फेऱ्या मारल्या. टेलरने कुंपणावरून पाहिलं आणि हिला हळूच विचारलं, यांचं हे कधीपासून? शेवटी एका संध्याकाळी वॉकर खुराड्यातच नेऊन ठेवला, म्हटलं रात्रभर सोबत राहिल्या की ओळख होईल. त्या आत गेल्याच नाहीत. स्कूटरवर झोपल्या. आता स्कूटर त्यांची झाली आहे आणि मी कारखान्यात चालत जातो. या घरात सध्या चालतोय तो मी एकटा.

तर मी हात टेकले. वॉकर लिंबाखाली टाकून दिलाय. तू म्हणतेस तशी महिनाअखेर गाडी घेऊन ये आणि आईला तुझ्याकडे ने. नवी खोली, नवा पलंग, नवे पडदे, लिफ्ट. तिथे तरी ती चालेल. तिला मी अजून सांगितलेलं नाही, जीभ रेटत नाही. ती गेल्यावर हे घर मला खायला उठेल. पण ती इथे अंथरुणाला खिळलेली मला बघवणार नाही.

तुझा हरलेला,
धाकटा

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, खिशातच होतं. दरम्यान वॉकरवर पाऊस पडला, चिखल उडाला, कावळ्यांनीही आपला हातभार लावला. घंटी वाजेनाशी झाली. आणि काल सकाळी बघतो तर मास्तरीण त्याच्या टोपलीत अंडी घेऊन बसलेली! खुडूक झाली आहे, हलायचं नाव नाही. आईला सांगितलं तर खरं वाटेना. आधी भिंतीला धरून, मग माझ्या खांद्याला धरून, आणि लिंबाच्या अलीकडे तर कशालाच न धरता गेली आणि बघून आली. दुपारी दाणे द्यायला पुन्हा. संध्याकाळी पाणी ठेवायला पुन्हा. बाई म्हणतात, हे आमच्या पुस्तकात नाही, पण चालू द्या. थोडक्यात, आई वॉकरपर्यंत चालत जाते. वॉकर घेऊन चालायची सोय नाही, त्यात अंडी आहेत.

ता. ता. क. तेव्हा गाडी आणू नकोस, निदान पिल्लं निघेपर्यंत तरी नको. आलीसच तर रोजची साडी नेस, जुन्या चपला घाल. भावोजींनी मिशी काढली म्हणे, ती वाढू दे, मगच या.

हे एवढं लिहिलं आणि आईने कागद हातातून ओढून सगळं वाचलं. खोलीचंही. मला वाटलं आता रडेल. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देतो: "तिला लिही, माझी जुनी चादर पाठवते, ती आत्तापासून त्या खोलीत टाकून ठेव. दार उघडं ठेव. मागे लागू नकोस. बुजरं जनावर आहे, येईल आपल्या पायांनी."