आमच्या गणपतीची सोंड

अहिल्याबाई घाट, वाराणसी
भर दुपारी, घाईत

तीर्थरूप शरदिनी आत्या हिस,

बकुळचा साष्टांग नमस्कार. इंदूरला सगळे खुशाल असतील, तुझी साखर आटोक्यात असेल आणि गुडघे जिना चढू देत असतील असं धरूनच चालते, कारण विचारपूस करायला आज जीव थाऱ्यावर नाही. फोन का केला नाही म्हणशील. तू फोन घेतेस तो स्पीकर लावून, आणि बोलतेस ती घाटावर ऐकू जावं अशी. पलीकडच्या खोलीत बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो वहिनीला पाठवते आहे, ती वाचून दाखवेल. (वहिनी, हळू वाच.)

आज सकाळी अभिषेक चालू असताना आपल्या देव्हाऱ्यातल्या गणपतीने शेंदराचं कवच सोडलं. पणजोबांपासून थरावर थर चढत आलेत, कधीतरी गळायचेच. बाबांना आधी आनंदच झाला, कारण देव आपण होऊन कवच टाकतो ते शुभच मानतात. मग त्यांनी तो भलामोठा ढलपा उचलला आणि आईच्या हातातली पळी खाली पडली. ढलप्याबरोबर सोंडही आली होती.

"खंडित झाली," बाबा म्हणाले. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, गंगेत सोडतात, हे तुला मी सांगायला नको, याच घरात वाढलीस. त्यांनी नाववाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "गुरुजी, चार बजे घाट पर लगा देंगे." तेव्हापासून बाबांनी पाण्याचा घोटही घेतलेला नाही. आई स्वयंपाकघरात उगाचच तांदूळ निवडते आहे. (तांदूळ कालच निवडलेत.)

आता खरी पंचाईत ऐक. मी युनिव्हर्सिटीत कलेचा इतिहास शिकते, म्हणजे बाबांच्या भाषेत 'खंडित मूर्तींचं शिक्षण' घेते. "आम्ही जे गंगेत सोडतो, ते तुम्ही काचेत ठेवता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन वर्षं मी नाक नसलेले विष्णू आणि हात नसलेल्या देव्या बघते आहे, त्यामुळे तुटलेला दगड कसा दिसतो हे मला झोपेतही सांगता येईल. आणि आत्या, आपला देव कुठेही तुटलेला नाही. जिथे सोंड होती तिथे गुळगुळीत चेहरा आहे, आणि त्यावर झोकदार मिशी. ज्यांना आपण सुपासारखे कान समजत होतो, ती कुंडलं आहेत. हातात मोदक नाही, मुंगसाच्या कातड्याची थैली आहे. हा कुबेर आहे. माझ्या अंदाजाने हजारेक वर्षांचा, आणि नखाएवढाही टवका उडालेला नाही. सोंड होती ती नुसत्या शेंदराची, पणजोबांच्या श्रद्धेने हळूहळू वाढलेली.

आता सांगावं, तर चार पिढ्या आपण कुबेराला एकवीस मोदक भरवले असं होतं. बाबांनी ज्याच्यापुढे बसून अथर्वशीर्षाची आवर्तनं केली, त्याचं नावच मी काढून घेतल्यासारखं होईल. न सांगावं, तर चार वाजता एक धडधाकट देव बुडतो आणि तो बुडवला मी, तोंड मिटून. मला भीती वाटते आहे, आत्या. देवाची नाही, बाबांच्या चेहऱ्याची.

तुझी,
बकुळ

ता.क. बाबा जगात फक्त तुझं ऐकतात. नाव लागायच्या आत फोन कर आणि सांग, "मी येईपर्यंत देव हलवायचा नाही." कारण विचारलं तर रड. तुला जमतं.

ता.क. दुसरा. फोन करू नकोस. फोटो काढते तोवर बाबा उठून सोवळं नेसायला लागले, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "बाबा, सोंड तुटलेली नाही. ती नव्हतीच." ते देव्हाऱ्यापुढे बसले. मग मूर्तीच्या चेहऱ्यावरून, मिशीवरून अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, "अखंड?" मी म्हटलं, "अखंड." त्यांचे डोळे भरले. "मग हा कोण?" तेही सांगितलं. (कुबेराच्या दुसऱ्या हातातल्या वाटीत मद्य असतं, हे मात्र सांगितलं नाही.) नाव परत पाठवली नाही, गळलेलं कवचही गंगेतच सोडायचं असतं. सोंड आत्ताच रीतसर मार्गी लागली.

ता.क. शेवटचा. नावेतून परतताना बाबा म्हणाले, "चतुर्थीला नागपूरचे यजमान गणपतीच्या दर्शनाला येतात." मग पाण्याकडे बघून, "या खेपेला शेंदूर तू लाव." आत्या, घरच्या कर्त्या पुरुषाखेरीज शेंदराच्या वाटीला कुणी हात लावलेला तुला आठवतो का? मी विचारलं, "सोंडही काढू?" तर म्हणाले, "काढ. पण शिकली आहेस ना, नीट प्रमाणात काढ. माझ्या आजोबांची जरा लांबच झाली होती."

हे शिकून पुढे काय, असं तू दिवाळीत विचारलं होतंस. तूर्तास सोंड.