रविवारी चार ते पाच

सोलापूर, सोमवार, १४ मे १९७३

विजापूरहून आज परतलो. दोन दिवसांत एकही गाडी चुकली नाही, पण त्याचं कुणाला काय! चौथी शिकलेला मी, रेल्वेचं टाइमटेबल माझं मी वाचायला शिकलो. मिलमधले कारकूनसुद्धा गाड्यांच्या वेळा मला विचारतात. सहलीचा कागद मीच आखला. त्यात मोकळा वेळही ठेवला होता, रविवारी चार ते पाच. आणखी काय करायला हवं होतं?

शनिवारी गोलघुमटाकडे जाताना थोरल्या शांतेला चिंचेला बांधलेला झोका दिसला. "अप्पा, टांगा थांबवा की! दोनच झोके." मी कागद दाखवला. उद्या चार वाजता.

रविवारी बरोबर चारला धर्मशाळेत म्हणालो, "चला, मोकळा वेळ सुरू झाला." कुणी हललं नाही. ही म्हणाली, "आता मोकळं कसं व्हायचं, तेबी तुमीच सांगा की." धाकटी फिदीफिदी हसली. मी शांतेला म्हटलं, ऊठ, झोक्याकडे जाऊ. ती पडल्या पडल्या म्हणाली, "राहू द्या अप्पा. झोका काल घ्यावासा वाटला होता."

पाचपर्यंत मी एकटाच पायरीवर घड्याळ बघत बसलो. चिडायचं तरी कुणावर?

पुढच्या महिन्यात शांता सासरी जाईल. कागदावर प्रत्येक वेळेपुढे बरोबरची खूण केली, चार ते पाचपुढे मात्र हात उचलेना. दोन झोक्यांना पाच मिनिटं लागली असती. गोलघुमट तीनशे वर्षं उभा आहे. तो कुठं पळून चालला होता?