प्रोग्नोसिस म्हणजे काय

मंगळ., ६ ऑगस्ट '९६
वर्तमानपत्राविरुद्ध राष्ट्रपतींकडे दाद मागावी म्हणतो. 'जोरदार पावसाची शक्यता' वाचून दिवसभर छत्री वागवली. कडकडीत ऊन. छत्री बसमध्ये विसरलो, मग कोसळला.

संध्याकाळी शेजारच्या गोदाक्का डिस्चार्जचा कागद घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांना, रामण्णांना, काल दवाखान्यातून घरी सोडलंय. "अण्णा, तुम्ही पेपरात इंग्रजी शब्दांवर लिहिता. हे प्रोग्नोसिस म्हणजे काय हो? स्वल्प सांगा की."

मी खुललो. मूळ शब्द ग्रीक. डायग्नोसिस म्हणजे काय झालंय. प्रोग्नोसिस, पुढे काय होणार. पावसाचा फोरकास्ट, ज्योतिषाचं प्रेडिक्शन, डॉक्टरांचं प्रोग्नोसिस. ज्याची त्याची गादी वेगळी. त्या हसल्या. मला चेव.

"आणि पुढे 'पुअर' लिहिलंय ते?"

"डॉक्टर लोक हात राखूनच लिहितात हो."

"सरी, बरं झालं. मग सुधीरला आत्ता नको बोलवायला. दिवाळीला येतोच की मस्कतहून."

मी मान डोलावली. चक्क.

बुध., ७
सौ.ला किस्सा म्हणून सांगितला. हसली नाही.
"पुअरचा अर्थ तुम्हाला ठाऊक नव्हता?"
"होता."
"आणि मुलगा बापाला भेटायचा राहिला तर?"
इतकं छान चाललं होतं माझं बोलणं, की

शुक्र., ९
सदरासाठी 'प्रोग्नोसिस'च घेतला. पहिला परिच्छेद झकास उतरला. फाडला. भिंतीपलीकडे रामण्णांची ढास.

जिन्यात गोदाक्का. "तुम्ही सांगितल्यापासून डोळा लागतो बघा, अण्णा." वर वाटीभर चित्रान्न दिलं. घेतलं. निर्लज्जासारखं खाल्लंही.

शनि., १०
सकाळी गेलो. रामण्णा आत झोपलेले, गोदाक्का तांदूळ निवडत होत्या. उभ्यानेच सांगितलं. "त्या दिवशी मी टाळलं. पुअर म्हणजे डॉक्टरांना आशा कमी वाटते. दिवाळीपर्यंत थांबू नका." ग्रीक वगैरे काही नाही.

त्यांचा हात थांबला. "तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

तांदूळ तसेच ठेवून उठल्या. चप्पल घालताना एवढंच, "नंबर लावून द्या."

कोपऱ्यावरच्या फोनबूथमध्ये लावून दिला, बाहेर थांबलो. काचेतून फक्त ओठ हलताना दिसत होते. मग नुसतंच ऐकत राहिल्या.

सुधीरला रजा मिळते का, विमान कधीचं, काही बोलल्या नाहीत. विचारायला मला तोंड नव्हतं. पदर डोक्यावर ओढून घराकडे चालू लागल्या. मी मागे राहून बिल दिलं.