माझ्या गळ्याचा भाडेकरू

४ मार्च, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेआधी पोचले! ऑफिस म्हणजे बूट दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर ठकठक, वर भिंतींना जाड करडा फोम. दार लावलं की कानात कापूस घातल्यासारखं होतं. काम मात्र मोठं गोड आहे. लोक जुन्या कॅसेटी आणून देतात. कुणाचे वडील, कुणाची बायको, कुणाचा लवकर गेलेला भाऊ. आम्ही खरखर काढून तो आवाज स्वच्छ करतो आणि वेबसाइटवर ठेवतो. घरच्यांनी पासवर्ड टाकायचा आणि हवं तेव्हा ऐकायचं. मी सर्व्हर सांभाळायचा, वेबसाइट बंद पडू द्यायची नाही.

माझ्याखेरीज माणसं दोनच. मालकीणबाई, ज्यांचा चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम टेबलाखाली. आणि आवाज साफ करणारा तंत्रज्ञ, ज्याचं नाव मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ‘कानसेन’ ठेवून टाकलं. तो म्हणाला की माझा आवाज त्याला बंद दारातून, कानावर हेडफोन असतानाही ऐकू येतो. मी म्हटलं, आमच्या घरात हळू बोलणाऱ्याला ताटात काही उरत नाही. मग माइक तपासायला त्याने मला एक पान वाचायला लावलं. वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक हाताशी होतं, तेच मी रडक्या नायिकेच्या थाटात वाचलं. बाई हसून हसून खोकल्या.

संध्याकाळी आईला फोन केला. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, त्यामुळे फोनवर तिचा हात कोण धरणार! तिची पहिली चौकशी ऑफिसातल्या बाथरूमची. दुसरी माझ्या जेवणाची. तिसरी तिने विचारायच्या आधीच मी तोडली, कारण मला कानसेनची गंमत सांगायची होती. बाबांची एक कॅसेट घरी आहे, ती इथे साफ करून घेऊ म्हटलं. ती म्हणाली, बघू.

६ मार्च, बुधवार

पहिली तक्रार. एक निवृत्त मास्तर रोज सकाळी बायकोचा आवाज ऐकतात, तो आज मध्येच अडकत होता. फार सौम्यपणे सांगितलं त्यांनी. त्यामुळे जास्तच ओशाळायला झालं.

आमचा सर्व्हर भाड्याचा आहे. दूर कुठेतरी एका कंपनीचं मोठं यंत्र आहे, त्याचे भाग पाडून अनेकांना दिलेत, त्यातला एक आमचा. इमारतीतल्या फ्लॅटसारखं. पाहिलं तर आमच्या फ्लॅटचा प्रोसेसर शंभर टक्के व्यापलेला. आधी वाटलं, एकदम गर्दी झाली असेल. नाही, ऐकणारे मूठभर. शेजारचा भाडेकरू आमचा वाटा खात असेल? तेही नाही. कुणीतरी चोरून घुसून आमच्या यंत्रावर बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी कमवत असेल? बाहेर काहीच जात नव्हतं. शेवटी चालू कामांच्या यादीत सापडलं. एकच काम, नाव नसलेलं, माझ्याआधी ही नोकरी करणाऱ्या माणसाच्या खात्यावर चाललेलं. तो सोडून गेला तरी त्याचं काम राबतंय, असा आदर्श नोकर! किल केलं, म्हणजे जबरीने बंद पाडलं. प्रोसेसर झपकन खाली. मास्तरांचा आभाराचा फोन आला. मी कॉलर ताठ करून फिरले.

७ मार्च, गुरुवार

ते परत आलं. त्याला पुन्हा उठवणारी एखादी घड्याळी सूचना असणार म्हणून सगळं पिंजून काढलं. सूचना नाही, पण काम आहे. आधीच्याचं खातंच काढून टाकलं. आता ते माझ्या खात्यावर चालतंय.

बाईंना विचारलं, आधीचा का गेला. त्या म्हणाल्या, मेसेजवर राजीनामा दिला, आणि विषय बदलला. कानसेनने नंतर हळूच सांगितलं की त्याचा घसा बसला होता, तो पुन्हा सुटलाच नाही.

बघतेच मी. यंत्र माझ्या हातात आहे, मी यंत्राच्या नाही.

११ मार्च, सोमवार

आज सरळ नवा सर्व्हर घेतला. कोरा करकरीत. जुन्यावरून एकही प्रोग्रॅम आणला नाही, फक्त आवाजांच्या फायली. डबा खाऊन येईस्तोवर प्रोसेसर शंभरावर, आणि तेच निनावी काम. म्हणजे ते प्रोग्रॅममध्ये नव्हतंच. ते आवाजांबरोबर आलं.

मग ते नेमकी कोणती फाइल वाचतंय ते काढलं. वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक. माझा आवाज, कानसेनने तपासून झाल्यावर बाकीच्यांत टाकून दिलेला. ते काम माझा आवाज पुन्हा पुन्हा वाचत होतं, आपण एखादी कविता घोकावी तसं.

फाइल पुसली. थोड्या वेळाने ती पुन्हा तिथे. आता जास्त मोठी. ऐकून पाहिली. त्यात मी कधीच न बोललेली वाक्यं होती. माझ्याच आवाजात, माझ्याच हेल काढण्याच्या सवयीसकट.

घसा खवखवतोय. एसी असेल.

१२ मार्च, मंगळवार

आवाज बसला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की गळा ठणठणीत आहे, सुजेचं नाव नाही. तरी मिठाच्या गुळण्या लिहून दिल्या.

आईला मेसेज केला की बोलता येत नाहीये. तिने उलट लिहिलं की काल दुपारी तर तासभर छान बोललीस.

काल दुपारी मी तिला फोन केला नव्हता.

१३ मार्च, बुधवार

आधीच्याच्या घरी गेले. दार त्यानेच उघडलं. माझी कुजबुज ऐकली आणि त्याला सगळं कळलं. सरबताचे पेले पुढे ठेवून बायको बोलत होती, तो शेजारी मान खाली घालून. तिने सांगितलं की हा नोकरीवरून घरी बसला त्याला वर्ष झालं, तरी रोज जेवणाच्या वेळी ऑफिसातून याचा फोन येतो. मला वाटलं दुःखाने हिचं डोकं फिरलंय.

मग फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

“जेवलीस का? माझी वाट बघू नकोस.”

भरदार, प्रेमळ आवाज. ज्याचा आवाज होता तो माझ्यासमोर बसला होता, ओठ घट्ट मिटून. तो उठून आत गेला. तिने फोन बंद केला नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. ती हळूच म्हणाली, “काय करू, याचा आवाज आता तिथेच आहे.”

निघताना त्याने फोनवर टाइप करून दाखवलं: त्याला चालू दे, मग ते आणखी काही मागत नाही.

मी त्याचा फोन घेतला आणि खाली लिहिलं: मी देणार नाही.

१४ मार्च, गुरुवार

एक गोष्ट हाती लागली. ते काम मरत नाही, पण त्याला लगाम घालता येतो. मी त्याला प्रोसेसरचा अगदी थोडा वाटा ठेवला आणि माझ्या गळ्यातून आवाज निघाला! चिरका, फाटका, पण माझा. लगाम सैल केला, गेला. आवळला, आला. वेड्यासारखी मी खुर्चीत ‘अ आ इ ई’ म्हणत बसले.

बाई धावत आल्या. त्यांच्या हातात हेडफोन होता. त्यांनी मला लगाम काढायला सांगितलं, मग विनवलं, मग खरं काय ते सांगितलं. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या फाइलवर ते कॅसेटमधलंच बोलायचे. मग एक दिवस नवीन बोलले. चष्मा डोक्यावर आहे म्हणाले. तेव्हापासून रोज बोलतात. मास्तरांची बायकोसुद्धा त्यांना औषधाची आठवण करून देते. मेलेल्यांना बोलायला जिवंत गळा लागतो, हे बाईंना आधीच्याचा आवाज गेला तेव्हाच कळलं होतं. तरी त्यांनी जाहिरात देऊन मला घेतलं. मुलाखतीत मी फार बोलले होते म्हणून.

त्या म्हणाल्या, “तुझ्या बाबांची कॅसेट आण. एकदा ऐक. मग मला शिव्या दे.”

खोटं कशाला लिहू? क्षणभर मी कॅसेटचा विचार केला. बाबा मला ‘गडबडगुंडा’ म्हणायचे.

मग आधीच्याच्या बायकोचं तोंड आठवलं, नवरा समोर असताना फोनशी बोलणारी. बाईंना फाटक्या आवाजात सांगितलं: तुमच्या यजमानांना बोलायला माझा गळा मिळणार नाही.

१५ मार्च, शुक्रवार

बाईंनी लगाम काढलाय. आवाज पूर्ण गेला. कुजबुजही नाही.

सर्व्हरच मोडून टाकावा म्हणून भाड्याच्या कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की नुकताच माझा फोन येऊन गेला, मी स्वतःच विनंती मागे घेतली, आणि किती गोड बोलले!

ठीक आहे. ते बोलेल. मी लिहीन.

दुपारी दारात आई. हातात पिशवी, तोंडावर राग. सोमवारपासून तिला ‘माझे’ फोन येत होते, बाबांची कॅसेट पाठव म्हणून. माझ्या मेसेजनंतर तिला शंका आली, मग खात्रीच पटली. का, ते तिने मला बसवून सांगितलं. “ती माझं सगळं बोलणं ऐकून घेत होती गं. तू जन्मात कधी मला वाक्य पुरं करू दिलंस?” मी हसले. आवाज न येता हसणं फार विचित्र असतं.

या वहीतच तिला सगळं लिहून दाखवलं. बाबांच्या कॅसेटचा क्षणभराचा मोहही लिहिला. ती वाचून म्हणाली की तिने बाबांना शेवटी पाणी पाजलं, हात धरला, निरोप दिला. आता कुणाचा गळा कापून त्यांना परत बोलवायचं नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं.

उद्या जातोय. दोघी.

१६ मार्च, शनिवार. सकाळ, ऑफिस

कानसेनने दार उघडलं. त्याचाही आवाज घोगरा झालाय. त्याने मला कपाट दाखवलं: लोकांच्या सगळ्या मूळ कॅसेटी जागच्या जागी, एकही टाकलेली नाही. म्हणजे कुणाचं माणूस मी हिरावून घेत नाहीये. जे कॅसेटमध्ये होतं ते राहील. जे नंतर आलं ते जाईल.

एक फाइल पुसली तर बाकीच्या मिळून ती परत उभी करतात. म्हणून सगळ्या एकदम. आधी बॅकअप, मग सर्व्हरवरच्या, आणि शेवटी त्या कामाचा गळा. आदेश टाइप केलाय. बाई आतल्या खोलीत हेडफोन लावून बसल्यात. आईने आमच्या खोलीची कडी लावली.

सुरू केलं.

बॅकअप गेला. प्रोसेसर शंभरावर. माझा श्वास अडकतोय, कुणी आतून धरल्यासारखा —

बाई दार ठोकतायत. रडतायत. वाईट वाटतंय. थांबत नाही.

फोन. टेबलावरचा, कानसेनचा, आईच्या पिशवीतला, सगळे एकदम. आईने उचलला. माझा आवाज, मला इथवर ऐकू येतोय. आई, हिला थांबव, मला दुखतंय, म्हणतोय. आई त्याला झापतेय. खात्यातल्या वरच्या पट्टीत. माझ्या लेकीचा आवाज खाली ठेव, म्हणाली, आणि चालता —

वाक्य तुटलं. आईचं तोंड हलतंय. आवाज नाही. फोनमध्ये आता आईसुद्धा बोलतेय.

ती घाबरली नाही. माझ्या हातातून पेन घेतलं —

*थांबू नकोस. मला निवृत्त झाल्यावर तसंही फार बोलायचं नव्हतं.*

हे तिचं अक्षर. रडू येतंय आणि हसूही.

फायली संपत आल्या. माझी गेली. आधीच्याची गेली. प्रोसेसर खाली — वर — खाली —

फोनमधले आवाज एकमेकांत मिसळतायत. विनवतायत. बाबांचा आवाज काढायला बघतंय, जमत नाही. कॅसेट दिलीच नाही ना आम्ही!

ते घाबरलंय. मी नाही.

शेवटचा आदेश. आईने माझ्या हातावर हात ठेवलाय. एंटर दाबणार, आणि मग तोंड उघडून सगळ्यात आधी तिला हाक मा—