गाऱ्हाणे ही तक्रार नव्हे

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
नीलसागर एअरवेज,
मुख्य कार्यालय, मुंबई.

अर्जदार: दत्ताराम सगुण परब, निवृत्त बसचालक, मूळ राहणार कोरगाव, तालुका पेडणे, गोवा. हल्ली मुक्काम मुलीकडे, हॅमिल्टन, न्यूझीलंड.

विषय: मी न केलेली तक्रार रद्द करून आपल्या हवाईसेविका सेजल चौधरी यांना पुन्हा विमानात कामावर घेणेबाबत.

संदर्भ: १) दि. ८ नोव्हेंबर २०२५ चे मुंबई–ऑकलंड विमान, आसन ३१-सी.
२) आपले दि. १९ नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

आपले पत्र पोचले. त्यात आपण माझी तीन वेळा क्षमा मागितली आहे. एकतीस वर्षे सरकारी बस चालवली, पण तेवढ्या काळात माझी कोणी एकदाही क्षमा मागितली नव्हती. म्हणून ते पत्र मी पत्नी सौ. पद्मावती हिला दोनदा वाचून दाखवले. मात्र दुसऱ्या पानावर "संबंधित कर्मचारी सेजल चौधरी यांना चौकशी पूर्ण होईपर्यंत उड्डाणाच्या कामावरून दूर ठेवण्यात आले आहे" हे वाक्य आले आणि आमचे जेवण तिथेच थांबले. सदर तक्रार मी केलेलीच नाही. मी केले ते गाऱ्हाणे होते. या दोहोंतला फरक आपल्या कार्यालयाच्या ध्यानी यावा म्हणून त्या दिवशीची हकीकत, काही न लपवता, खाली देत आहे.

आमची एकुलती मुलगी गौरवी येथे नोकरीस असून तिने आम्हां दोघांना कायमचे बोलावून घेतले. मोपाचा विमानतळ आमच्याच तालुक्यात असल्याने विमाने डोक्यावरून जाताना रोज पाहत होतो, आत बसण्याचा प्रसंग मात्र हा पहिलाच. आमच्याकडे कोणतेही नवे काम, मग ते विहीर खणणे असो वा नवी बस रस्त्यावर काढणे असो, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय सुरू करत नाहीत. एकाने मोठ्याने देवाकडे मागायचे आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा, अशी ती रीत आहे. घर सोडून समुद्रापार राहायला जाण्याइतके नवे काम आम्ही जन्मात केले नव्हते. म्हणून मी गावच्या सातेरी देवीच्या देवळातून एक नारळ बरोबर घेतला होता. तो तपासणीच्या ठिकाणी काढून घेण्यात आला. तेथील साहेबांनी नियम दाखवला, तो मी मान्य केला. नियमाशी माझे भांडण नाही. पण नारळ गेला, गाऱ्हाणे राहिले आणि पद्मावतीने तिथपासून तोंड फिरवले ते विमानात बसेपर्यंत.

मुंबईहून सुटण्यापूर्वी विमान धावपट्टीच्या तोंडाशी पाऊण तास उभे होते. मी सवयीचा गुलाम. बसमध्ये कंडक्टरने एकदा घंटी दिली की थांबायचे, दोनदा दिली की निघायचे. डोक्यावर घंटीचे बटण दिसले तेव्हा माझा हात आपोआप वर गेला आणि मी दोनदा दाबले. विमान निघाले नाही. सेजल चौधरी धावत आल्या. मी खरे कारण सांगितले. त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या, "काका, आपल्याला पुढच्या स्टॉपवरून सिग्नल मिळायचा आहे." चालकाशी कसे बोलावे हे त्या मुलीला कोणी शिकवले नसणार, तरी तिला ते येत होते.

त्यापुढील गैरप्रकारही कबूल करतो. विमान जमिनीवरून उठताना माझ्या उजव्या पायाने ब्रेक दाबला. तिथे ब्रेक नसून ३०-सी वरील गृहस्थांच्या खुर्चीची पाठ होती, त्यामुळे त्यांच्या हातातले पाणी त्यांच्याच मांडीवर सांडले. पुढे दर धक्क्याला हे घडत राहिले. तिसऱ्या वेळी त्या गृहस्थांनी स्वतःहून प्लास्टिकचा कोट चढवला. सेजल चौधरी यांनी माझ्या पायाखाली दोन उशा आणून ठेवल्या आणि "आता दाबा हवा तेवढा" असे सांगितले. या उशांबाबत आपल्या नियमात काय आहे ते मला ठाऊक नाही. असल्यास तो दोष माझ्या पायाचा धरावा.

शिवाय त्या दिवशी संकष्टी होती. पद्मावतीचा उपास चंद्र पाहिल्याखेरीज सुटत नाही. पंचांगात पेडण्याचा चंद्रोदय दिलेला, आणि आम्ही चाळीस हजार फुटांवर पूर्वेकडे पळत होतो. कोणत्या गावचा चंद्र धरायचा यावर आमचे एकमत होईना. सेजल चौधरी यांनी ते ऐकले, त्या पुढे जाऊन वैमानिकांना विचारून आल्या आणि आमच्या घड्याळात सातही वाजले नसताना पद्मावतीला डावीकडच्या एका रिकाम्या खिडकीशी घेऊन गेल्या. चंद्र तिथे होता, आणि पंखाच्या खाली होता. पद्मावतीने त्याला वरून हात जोडले. जेवण आवरून ठेवलेले असतानाही तिचे ताट राखून ठेवले होते, तेही नमूद करतो. सासरीही तिचे ताट असे कोणी राखले नव्हते, हे तिचे शब्द आहेत आणि ते माझ्या विरुद्ध असूनही मी लिहितो.

आता मुख्य प्रकार. जेवणानंतर विमान असे हलू लागले, की आमच्या घाटातला पावसाळी रस्ताही बरा म्हणावा. दिवे लागले, पट्टे आवळले गेले. पद्मावती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी गाऱ्हाणां घालूक नाय, म्हणान ह्यां जाता." मी सेजल चौधरी यांना विचारले की नारळ मिळेल काय. नारळ नव्हता. पण पाचच मिनिटांत, स्वतः खुर्च्यांना धरत धरत, त्यांनी नारळाच्या पाण्याचे एक छोटे पाकीट आणून दिले. त्यावर "वापरण्यापूर्वी हलवा" असे छापलेले होते. ते काम विमान आधीच करत होते.

मी पट्टा न सोडता, बसल्या जागी, ते पाकीट दोन्ही हातांत धरून गाऱ्हाणे सुरू केले. आवाज जरा मोठा निघाला, कारण इंजिनाच्या वर बोलायची सवय. पहिले वाक्य संपते न संपते तोच मागच्या ओळींतून "व्हय म्हाराजा!" असा दणदणीत होकार आला. मागे सावंतवाडी-वेंगुर्ल्याचे अकराजण होते, फळबागांत कामाला निघालेले. त्यांची माझी ओळखपाळख नव्हती. पण गाऱ्हाणे कानी पडल्यावर गप्प राहणे आमच्या भागात कोणाला जमत नाही. पुढे तर ३०-सी वरील गृहस्थही कोट घालून "व्हय म्हाराजा" म्हणू लागले, आणि ते पंजाबचे होते.

सेजल चौधरी धावत आल्या व काय चालले आहे असे विचारले. मी म्हणालो, "गाऱ्हाणे घालतोय." त्या जळगावच्या. तिकडे गाऱ्हाणे म्हणजे निव्वळ तक्रार, हे मला नंतर कळले. त्यांनी घाबरून विचारले, "कोणाकडे?" मी वर बोट दाखवून म्हणालो, "वरच्याकडे." घोटाळा झाला तो एवढाच. त्या बापडीने आपल्या नियमानुसार फॉर्म भरला: आसन ३१-सी वरील प्रवाशाने वरिष्ठांकडे तोंडी तक्रार केली असून अकरा सहप्रवाशांचा तिला जोरदार पाठिंबा आहे. "संबंधित कर्मचारी" या रकान्यात तिने स्वतःचे नाव घातले, कारण त्या ओळी तिच्या होत्या. दुसरी एखादी असती तर तो रकाना कोरा सोडून मोकळी झाली असती.

आपले पत्र येताच मी आपल्या दूरध्वनीवर तक्रार मागे घेतो असे कळवले. तेथील यंत्राने मला तक्रारीसाठी एक दाबा असे सांगितले, मी दाबले आणि माझ्या नावे दुसरी तक्रार नोंदली गेली. ती मागे घेण्यासाठी पुन्हा दूरध्वनी केला, तेव्हा तिसरी. आता आपल्या दप्तरी मी तीन क्रमांकांचा धनी आहे आणि आपल्या लेखी मी अत्यंत असमाधानी प्रवासी ठरलो आहे. वास्तविक मी इतका समाधानी प्रवासी आहे, की पत्नी वैतागली आहे.

हा अर्ज मी केवळ संकोचापोटी करत नाही. नोकरीत असताना एका प्रवाशाच्या तक्रारीवरून मला सतरा दिवस गाडी दिली नव्हती. मी बस थांब्याच्या पुढे नेली असे त्याचे म्हणणे, आणि नंतर तो स्वतःच चुकीच्या थांब्यावर उभा होता असे निघाले. पण ते सतरा दिवस मी डेपोच्या बाकावर बसून काढले. सगळे चहाला विचारत, कोणी नजरेला नजर देत नसे. घरी रोज डबा घेऊन निघायचो आणि तो तसाच बाकावर खायचो. ती पोर आज तशीच कुठेतरी बसली असेल आणि ते माझ्या तोंडच्या एका शब्दामुळे, हे मला सहन होत नाही. येथे मुलीने सगळे सुख दिले आहे, तरी या एका गोष्टीने मला झोप लागत नाही.

आपण पत्रात तक्रारीचे नेमके शब्द मागितले आहेत. ते शपथपूर्वक देतो. दुजोरा कंसात आहे. चेडू म्हणजे मुलगी.

"गे माये सातेरी, आज ही तुझी लेकरां घरदार सोडून दर्यापार चल्ली हत, तेंका सुखरूप पोचय म्हाराजा. (व्हय म्हाराजा!) ह्या इमानात जे कोण बसले हत, आपले-परके, त्या सगळ्यांचे पाय भुंयेक लागांदेत म्हाराजा. (व्हय म्हाराजा!) चेडवाच्या घरात आमचो भार जांव नये, दोन घास गोड लागांदेत म्हाराजा. (व्हय म्हाराजा!) आणि ह्यां जां परक्याचां चेडू सकाळपासून उभ्या पायांर आमकां पाणी दिता, तेच्या कामाक यश दी, तेचो कोणी सायब तेका वायट बोलांदे नको म्हाराजा. (व्हय म्हाराजा!)"

यात तक्रार कुठे आहे ते आपणच शोधावे. चार मागण्या होत्या. पैकी विमान पोचले. सर्वांचे पाय जमिनीला लागले, ३०-सी वरील गृहस्थांचे तर कोरडेही. मुलीच्या घरी दोन घास गोड लागत आहेत, फक्त इथला पाव पद्मावतीला पसंत नाही, तो प्रश्न आम्ही घरातच सोडवू. ज्या तीन गोष्टी देवीच्या हातातल्या होत्या त्या तिने अर्ज, नमुना, क्रमांक काही न मागता केल्या. चौथी आपल्या हातात आहे. जिच्या भल्यासाठी तेरा तोंडांनी देवाकडे मागितले, तिच्याचविरुद्ध ते मागणे आपल्या दप्तरात लागले आहे. ते काढून टाकावे आणि सेजलला तिचे विमान परत द्यावे.

आपल्या तिन्ही क्रमांकांचा नाइलाजाने झालेला तक्रारदार,

(सही)
दत्ताराम सगुण परब
हॅमिल्टन, दि. २७ नोव्हेंबर २०२५

सोबत: १) मागच्या ओळींतील अकरापैकी नऊजणांच्या सह्या. उरलेले दोघे बागेत कामावर आहेत, रविवारी सही देतील.
२) सौ. पद्मावती परब यांचा अंगठा. तिला सही येते, पण अंगठा दिल्याने साहेबांना गांभीर्य कळते असे तिचे मत आहे.