क्षमा करायची तयारी

१ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. विषय : नम्रता. ईस्टरआधीचा उपासाचा मोठा काळ अकरा तारखेला सुरू होतो. त्याच्या आदल्या दिवशी, दहाला, क्षमेचा रविवार. दर वर्षी तो अंगावर येतो आणि तयारी राहून जाते. या वर्षी तसं होणार नाही.
ज्यांनी माझी क्षमा मागायला हवी अशा लोकांची यादी केली. चौदा नावं. पहिलं नाव झ्लातिना. माझी मुलगी.
नियम साधा आहे. त्या दिवशी लहानांनी मोठ्यांच्या घरी जायचं, हाताचं चुंबन घ्यायचं, क्षमा करा म्हणायचं. मोठ्यांनी म्हणायचं, देव क्षमा करतो. मी एकाहत्तरचा, ती अडतीसची. म्हणजे तिने यायचं. यात अहंकार वगैरे काही नाही, वयाचा हिशेब आहे.

दुपारी १२.
शेजारच्या त्सोंकाबाई लाल-पांढरा दोरा घेऊन आल्या. मार्चच्या एक तारखेला अख्खं कार्लोवो गाव एकमेकांच्या मनगटाला बांधत सुटतं. मी म्हटलं, हे कुठल्याही धर्मग्रंथात नाही. त्या म्हणाल्या, अहो मेतोदीभाऊ, दोराच आहे, चावत नाही, हात पुढे करा. मी केला नाही. मग मांजराला बांधते म्हणाल्या. आणि बांधला.

२ मार्च, शनिवार.
मृतांचा शनिवार. कबरीवर न्यायला गहू शिजवले. आयुष्यात पहिल्यांदा. आधी माझी बायको रायना शिजवायची. गेल्या वर्षी गुडघ्यामुळे जमलं नव्हतं.
चौतीस वर्षं वजन-मापं खात्यात काढली आहेत. अर्धा किलो गहू, दोन लिटर पाणी, घड्याळ लावून चाळीस मिनिटं. गहू फुटले नाहीत. आणखी चाळीस. खालून करपले, वरून कच्चे. बाजारात हल्ली गहूच धड मिळत नाही. वरून पिठीसाखर भरपूर घातली.
साडेदहाला कबरस्तानात. रायनाच्या कबरीवर आधीच एक वाडगा होता. गव्हावर रंगीत गोळ्यांनी लिहिलेलं : आई. शेजारी मेणबत्ती जळत होती, दोन बोटं संपलेली. म्हणजे झ्लातिना येऊन गेली त्याला फार तर अर्धा तास झाला असेल. प्लोवदिवहून सकाळच्या बसने आली, आणि तशीच परत गेली. इथून घर दहा मिनिटांवर आहे.
तिचे गहू तपासण्यासाठी चमचाभर खाल्ले. मऊ होते. तपासता तपासता वाडगा संपला.
माझे गहू रिवाजाप्रमाणे लोकांना वाटले. त्सोंकाबाईंनी एक चमचा घेतला, देव रायनाला शांती देवो म्हणाल्या, आणि नंतर बराच वेळ गालावर हात धरून उभ्या होत्या. त्यांचे दात पहिल्यापासूनच कमकुवत.

३ मार्च, रविवार.
मांसाचा शेवटचा दिवस. चीज आणि अंडी दहापर्यंत चालतात. चार कबाब, एकटाच. दोन पुरले असते. चाराची सवय.
प्रार्थनेनंतर फादर याकिमना सूचना केली : लहानांनी मोठ्यांकडे जावं, असं वेदीवरून जाहीर करा. ते म्हणाले, मेतोदी, ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी म्हटलं, प्लोवदिवमध्ये माहीत नसेल तर? ते म्हणाले, मग फोन कर की लेकीला. मी समजावलं की फोन केला तर ते आमंत्रण होतं, आणि आमंत्रण देऊन मागवलेली क्षमा ग्राह्य धरता येत नाही. फादरांनी दाढी खाजवली आणि बाप्तिस्मा आहे म्हणून निघून गेले. बाप्तिस्मा मला तरी कुठे दिसला नाही.

५ मार्च, मंगळवार.
वाद काय होता ते एकदा नीट लिहून ठेवतो. नंतर कुणी उलटसुलट सांगायला नको.
दोन वर्षांपूर्वी, रायना गेल्याचा चाळिसावा दिवस. झ्लातिनाने रात्रभर जागून गहू शिजवले, वर रंगीत गोळ्यांनी आईचं नाव लिहिलं. चर्चच्या हॉलमध्ये तीस माणसं. मी एक चमचा खाल्ला आणि म्हटलं की गहू कच्चे आहेत, आणि हा काय वाढदिवसाचा केक आहे का. मग गोळ्या एकेक करून वेचून बाजूला काढल्या. बस्स, एवढंच. आवाजही चढवला नव्हता. झ्लातिनाने कोट घातला, तिच्या लेकीला, नेदाला, कडेवर घेतलं, आणि जेवायला न बसता गेली. तेव्हापासून नाताळ आणि ईस्टरला फोन. दोन मिनिटं.
गहू तेव्हा खरंच कच्चे होते का, ते आज नक्की आठवत नाही. त्या दिवशी मला कशालाच चव लागत नव्हती.
हे वाक्य विषय सोडून आहे.

६ मार्च, बुधवार.
तिला काय म्हणायचं याचे तीन मसुदे केले. पहिला : देव क्षमा करतो, आणि मीही. दुसऱ्यात गव्हाबद्दल छोटी टीप. तिसरा दोन पानी. पहिलाच वापरायचा ठरवलं. गव्हाचं नंतर, जेवताना, सहज.

७ मार्च, गुरुवार.
छताला हूक ठोकला. क्षमेच्या रविवारचा खेळ : उकडलेलं अंडं लाल दोऱ्याला बांधून लटकवायचं, कुणीतरी झोका द्यायचा, मुलांनी हात न लावता तोंडाने पकडायचं. नेदाला आवडेल. ती आता सहा वर्षांची. तिची उंची दाराच्या चौकटीवर आहे, पण ती दोन वर्षांपूर्वीची : अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. अंदाजे तेरा वाढवले, तोंडासाठी दहा वजा केले.
गुडघ्यांवर बसून चाचणी घेतली. झोका द्यायला दुसरं माणूस लागतं. स्वतःच दिला. अंडं चष्म्यावर आदळलं. चाचणी यशस्वी.

८ मार्च, शुक्रवार.
महिला दिन. झ्लातिनाचा नंबर लावला, एक रिंग झाली, कट केला. मिस्ड कॉल म्हणजे आमंत्रण नव्हे.

१० मार्च, रविवार. सकाळी ९.
चीजचा बानित्सा मीच ओव्हनमध्ये भाजला. कडा काळ्या झाल्या, मधला भाग उत्तम. हलवा आणला. नवं अंडं लटकवलं. इस्त्रीचा शर्ट. बेल वाजवून पाहिली. चांगली वाजते. पुन्हा एकदा पाहिली.

दुपारी २.
पावणेदोनची बस गेली. खिडकीतून पाहिलं. उतरलेले सगळे परके.

४.
पावणेचारचीही गेली. बानित्सा दोनदा गरम केला. पाच वाजता चर्चमध्ये क्षमेची प्रार्थना आहे. ती अर्ध्या तासात संपते. जाऊन येतो. इथे खिडकीत बसलो तर वाट पाहतोय असं दिसतं.

संध्याकाळी ७.
प्रार्थना ठीक झाली. आधी फादर सगळ्यांपुढे वाकले, मग रांग. प्रत्येकाने प्रत्येकाला म्हणायचं, क्षमा करा. समोरच्याने म्हणायचं, देव क्षमा करतो. माणशी चार सेकंद.
माझ्यासमोर पेंका आली. चर्चच्या मेणबत्त्या विकायच्या खिडकीवर बसते ती. यादीत पाचवी. म्हणाली, क्षमा करा, मेतोदीभाऊ. मी विचारलं, कशाबद्दल? ती म्हणाली, सगळ्याबद्दल. मी म्हटलं, सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दलच नाही. खिशातून यादी काढली. नाताळला वाकड्या मेणबत्त्या दिल्या. ऑगस्टच्या सणाला माझ्या जागेवर तिची भावजय बसवली. मागे रांग तुंबली. कुणीतरी ओरडलं, अहो आजोबा, पुढे सरका, उपास संपेल इथेच. पेंकाचे डोळे भरून आले, तेव्हा मी थांबलो. शेवटी फादरांनी खांद्याला धरून मला पुढे ढकललं. तरी माझ्यामुळे गोंधळ व्हायचा तो झालाच, सगळं उरकायला सव्वासहा वाजले. चौदापैकी चार झाले.
घरी कुणी नव्हतं. दाराच्या कडीला लाल-पांढरा दोरा बांधलेला. त्सोंकाबाईंची चेष्टा. मांजर पुरलं नाही वाटतं.
एकटाच जेवलो. अंडं तसंच आहे.

११ मार्च, सोमवार. सकाळी ९.
उपासाचा पहिला दिवस. दोरा परत करायला त्सोंकाबाईंकडे गेलो. हा तुमचाच ना, म्हटलं. त्या म्हणाल्या, माझा कसला, तुमच्या नातीचा. काल पाचच्या बसने दोघी आल्या होत्या. पाऊण तास जिन्यात बसल्या. मी त्यांना म्हटलं, आत या ग, चहा घ्या. झ्लातिना म्हणाली, नको मावशी, बाबा येतीलच, चर्च साडेपाचला सुटतं. सहाची शेवटची बस, काय करणार बिचाऱ्या. पोरीने जाताना बांधला, आजोबांचा म्हणून. गाठ बघा कशी घातलीय, सात गाठी.
चर्च साडेपाचला सुटतंच. दर वर्षी सुटतं.
मी हात पुढे केला. त्सोंकाबाईंनी दोरा मनगटाला बांधला. एका हाताने बांधता येत नाही.

दुपारी १.
फोन केला. पूर्ण रिंग होऊ दिली. झ्लातिना कामावर होती. म्हणाली, बाबा, बरे आहात ना? तीन मसुदे टेबलावर होते. त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. मी म्हटलं, क्षमा कर.
तिने विचारलं, कशाबद्दल?
टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती. मी चौदा जणांची यादी तपशीलवार केली आहे, तारखांसकट. ही केलेली नाही. मी म्हटलं, सगळ्याबद्दल.
ती म्हणाली, बरं बाबा. देव क्षमा करतो. आणि कुणीतरी हाक मारतंय म्हणून फोन ठेवला.
देव क्षमा करतो. बरोबर आहे, तेच म्हणायचं असतं. रांगेत कुणीही कुणालाही म्हणतं.

४.
कोरा कागद घेतला. वर लिहिलं, कशाबद्दल. एक : गोळ्या वेचल्या. दोन : रायना हॉस्पिटलमध्ये असताना डॉक्टरांशी भेटीच्या वेळेवरून भांडत बसलो, आणि जवळ झ्लातिनाच बसायची. तीन लिहायला घेतलं आणि कागद उलटा ठेवला.

६.
अंडं अजून लटकत होतं. नव्वद मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो. झोका द्यायला कुणी नाही, त्यामुळे ते अगदी स्थिर होतं. दोरा कापला. अंडं हातानेच सोलून खाल्लं.
उपास उद्यापासून.