फेब्रुवारीतला बाप्तिस्मा

गुरु. १९ मार्च, मेडनहेड, इंग्लंड
पाडवा. गुढी मागच्या दाराशी. शेजारचे कीथ, निवृत्त अकाउंटंट, कुंपणावरून : "न्यू इयर? मार्चमध्ये?" मी चैत्र समजावला, जरा तोऱ्यातच. तर म्हणतात, "आमचंही होतं की! सतराशे बावन्नपर्यंत साल पंचवीस मार्चला बदलायचं."
माझ्या पुस्तिकेतल्या तारखा आठवल्या.

शुक्र. २०
ऑफिसला सिक कळवलं. चर्चच्या लग्न-बाप्तिस्म्यांच्या वहीचे फोटो पुन्हा बाहेर काढले. आपल्या गावच्या, अठराव्या शतकातल्या कादंबरीकारांचं लग्न मेमध्ये, थोरल्याचा बाप्तिस्मा फेब्रु.त, साल दोन्हीकडे एकच. मी पुस्तिकेत छापलं : मूल लग्नाआधीचं, त्यांच्या कादंबऱ्यांतल्या अनौरस पोरांचं मूळ हेच. पण तेव्हाचा फेब्रु. त्याच सालात मेच्या नंतर येतो! नऊ महिने. सरळ, सभ्य नऊ महिने.
डिग्री नाही, नऊ वर्षं एकट्याने शिकलो. इथल्या इतिहास मंडळात मास्तर लोक नाकं मुरडत होते, तेव्हा डोरोथी, अध्यक्ष, म्हणाली होती, "हा माणूस तीनदा तपासतो." पुढच्या शनिवारी माझं व्याख्यान. विषय हाच.

शनि. २१
सौ.ला सांगितलं. "अहो, लग्नपत्रिकेत मुहूर्ताचं मिनिट चुकलं म्हणून अख्खा गठ्ठा परत पाठवणारे तुम्ही! आणि कुणाच्या बायकोवर असं..." मग, "डोरोथीला सांगा."
व्याख्यान झालं की, म्हणालो.
"म्हणजे सगळ्यांसमोर दुसऱ्या कुणीतरी सांगायचं?"

मंगळ. २४
आणखी दोन तारखा जाने.तल्या. त्याही चुकल्या. कीथनी पुस्तिका मागितली. संपली म्हणालो. चाळीस प्रती जिन्याखाली आहेत.

गुरु. २६
डोरोथीचा मेसेज : लेखकाच्या घराण्यातल्या एक आजी येणार, वय ९१. पुस्तिका वाचल्यापासून नीट जेवत नाहीत म्हणे. पुढच्या रांगेत बसवणार.
उत्तरादाखल अंगठा पाठवला. अंगठा!

शनि. २८
सकाळी दहाला डोरोथीला फोन. सगळं सांगितलं. पंचवीस मार्च, मे, फेब्रु., चूक माझी, फक्त माझी. शेवटी मीच :
"हॅलो?"
"ऐकतेय. अजून कुणाला सांगितलंत?"
"बायकोला."
पलीकडे मागे कुणीतरी बशीत कप ठेवला.
"व्याख्यान दोनला आहे. तुम्ही एकला या," ती म्हणाली. "आजी कालपासून माझ्याकडेच आहेत. फोन स्पीकरवर होता."
आणि ठेवला.
सौ. तिसऱ्यांदा विचारतेय, डोरोथीचा आवाज कसा होता? सांगता येत नाही. साडेबारा. कोट घालतो.